‘फाल्सो, सेन्योरा’ : लिमाच्या टॅक्सीत गेलेले दोनशे सोल

मी 31 वर्षं बँकेत कॅशियर होते, सांगलीला. बंडल मोजताना खोटी नोट आली की डोळ्यांच्या आधी बोटं थांबायची. तरीही ऑगस्ट 2023 मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे एका टॅक्सीवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत दोनशे सोल काढून घेतले. तेव्हाच्या भावाने साडेचार हजार रुपयांच्या आसपास. रक्कम फार मोठी नाही, पण ज्या पद्धतीने गेली ती सगळ्यांना कळायला हवी. माचू पिचूला जाणारी आपली बहुतेक मंडळी लिमाला उतरतात, आणि एखाद-दोन दिवस तिथे राहतातच.

मुलगी ह्यूस्टनला असते, तिच्याकडून आम्ही दोघं पुढे पेरूला गेलो होतो. त्या दिवशी जुनं लिमा पाहिलं. प्लाझा मायोर, सान फ्रान्सिस्कोच्या मठाखालची तळघरं आणि त्यातले रचून ठेवलेले हाडांचे ढीग, मग हिरोन दे ला उनिओनवरून प्लाझा सान मार्तिनपर्यंत पायी. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. दिवसभर आभाळ पांढुरकं, आणि पाऊस म्हणावा असा नाही पण अंग ओलसर करणारं धुकं. त्याला तिथे गारुआ म्हणतात. सहा वाजताच अंधारून आलं. ह्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मेत्रोपोलितानो बसचा नाद सोडून रस्त्यावरची टॅक्सी थांबवली. ही पहिली चूक. लिमाच्या टॅक्सीला मीटर नसतो, भाडं आधी ठरवायचं. मिराफ्लोरेसमधल्या केनेडी पार्कपर्यंत पंचवीस सोल ठरले.

माणूस बोलायला इतका गोड! भारत म्हटल्यावर हात जोडून ‘नमस्ते’ केलं. एक्स्प्रेस रस्त्यावर गर्दी होती. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांच्या खाली, खोलगट चरातून जातो तो, म्हणून लोक त्याला ‘सान्होन’, म्हणजे चर, असंच म्हणतात. पार्कच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली. मागून हॉर्न वाजायला लागले. इथे थांबता येत नाही, लवकर करा, असं खुणेने सांगितलं. माझ्याकडे सकाळीच एटीएममधून काढलेल्या शंभराच्या नोटा होत्या. त्यातली एक दिली. त्याने ती पुढच्या सीटवर, मांडीपाशी धरली, आतला दिवा लावला, खाली वाकून पाहिली आणि मान हलवत परत माझ्या हातात ठेवली. ‘फाल्सो, सेन्योरा.’ म्हणजे, खोटी आहे, बाई.

नोट खोटी होती. बोटांना लगेच कळलं. कागद मऊ, छपाई सपाट. आणि नेमकं इथेच मी फसले. कागद खोटा लागल्यावर मला त्याचं म्हणणं खरं वाटलं. मनात आलं, एटीएमनेच खोटी नोट दिली. मला उलट ओशाळल्यासारखं झालं. घाईघाईने दुसरी शंभराची दिली. पुन्हा तोच दिवा, तेच वाकणं, तेच ‘फाल्सो’. मग ह्यांनी खिशातून वीसची नोट आणि पाच सोलचं नाणं काढून दिलं. ते त्याने काही न बघता घेतलं आणि आम्ही दार लावायच्या आत निघून गेला. गाडीचा नंबर पाहायचं भानच नव्हतं.

हॉटेलवर आल्यावर मी त्या दोन नोटा टेबलावरच्या दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर क्रमांक एकच होता, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी मटकन पलंगावर बसले. एटीएममधून निघालेल्या बाकीच्या नोटा काढल्या तर त्या करकरीत, क्रमांक वेगवेगळे, अंगठा फिरवला की छपाई खरखरीत लागणाऱ्या. म्हणजे माझ्या दोन खऱ्या नोटा त्याच्या मांडीपाशी राहिल्या होत्या, आणि आधीच तयार ठेवलेल्या दोन खोट्या माझ्या हातात आल्या होत्या. रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं तर तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तिच्या मामालाही बाजारात असंच फसवलं होतं म्हणे.

पेरूमध्ये खोट्या नोटांचा सुळसुळाट जुना आहे. त्यात तेव्हा शंभराची जुनी, इतिहासकार बासाद्रे यांचं चित्र असलेली नोटही चालत होती आणि 2021 मध्ये आलेली, पेद्रो पाउलेत यांची नवी नोटही. परक्या माणसाला दोन्ही सारख्याच अनोळखी. तिथली मध्यवर्ती बँक लोकांना तीन शब्द शिकवते : तोके, मिरे, हिरे. हात लावा, उजेडात बघा, तिरकी करा. वाण्यापासून हॉटेलातल्या वेटरपर्यंत प्रत्येक जण तुमच्यासमोर नोट उजेडाला धरतो, आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. तुम्हीही सुट्टे पैसे घेताना खुशाल तसं करा.

पण माझ्या बाबतीत नोट ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, ती मी ओळखली होती. नजरेआड गेलेली नोट माझीच म्हणून परत घेतली, तिथे घात झाला. त्यामुळे त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली. मोठी नोट द्यायची वेळ आली तर आधी शेवटचे तीन आकडे मोठ्याने वाचायचे, समोरच्याला ऐकू जातील असे. स्पॅनिश आकडे शिकायला विमानातला एक तास पुरतो. टॅक्सीत तर मोठी नोट काढायचीच नाही. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी वेगळ्या पाकिटात ठेवायची, आणि रात्री रस्त्यावरची टॅक्सी न घेता हॉटेलकडून किंवा ॲपवरून मागवायची, म्हणजे निदान गाडीची नोंद राहते. आणि कोणी ‘खोटी’ म्हणाला तर दुसरी नोट काढू नका. गाडीतच बसून राहा, हॉर्न वाजू देत. ती घाई त्यानेच मुद्दाम जागा निवडून तयार केलेली असते.

‘अगं, अंधारात कुठेतरी खपवून टाकू,’ असं हे म्हणाले होते. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, मला समजत होतं. पण ज्या नोटेने माझं नुकसान झालं ती मी एखाद्या फळवालीच्या हातात कशी ठेवू? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लार्को रस्त्यावरच्या एका बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने एक नोट उचलली, अंगठा फिरवला आणि तिथेच थांबली. मग दोन्ही बाजूला ठेवल्या, फॉर्म काढला आणि माझ्याकडे पासपोर्ट मागितला. फॉर्मवर क्रमांक लिहिताना दुसऱ्या ओळीत तोच क्रमांक पुन्हा लिहावा लागला, तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘तॅक्सी?’