ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) गाणं की शांतता? शिकणाऱ्यांपुरतं बोलायचं तर

सर्जरीच्या रेसिडेन्सीला नुकत्याच लागलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही प्रकारांत मी शिकलोय, गोव्यातच.

गाण्याच्या बाजूने १९९४ चा अमेरिकन अभ्यास पुढे केला जातो: ५० सर्जन, आपल्या आवडीचं संगीत चालू असताना त्यांची नाडी नि रक्तदाब कमी चढले, कामही अचूक झालं. खरंय. फक्त ते काम म्हणजे वजाबाकीची गणितं होती, शस्त्रक्रिया नव्हे; आणि संगीत ज्याचं त्याने निवडलेलं. ओटीत रेसिडेंटला कोण विचारतो? आमचे सर गावच्या जत्रेत नाटकाला उभे राहणारे, म्हणून आम्हाला नाट्यसंगीत. (वाईट नव्हतं. तानेवर हात थांबायचा, इतकंच.)

सरावाची गोष्ट वेगळी. फोंड्याला खोलीवर बुटांच्या खोक्यात मोबाईल बसवून मी लॅपच्या (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या) गाठी मारायचो, तेव्हा संथ बासरी हवीच असायची. पन्नासावी गाठसुद्धा कंटाळा न येता बसायची. शब्दांचं गाणं लागलं की मी गुणगुणणार आणि सुई निसटणार.

ओटीतला माझा वैताग मात्र एका शब्दाचा: "कितें?" (कोंकणीत ‘काय?’)

मास्कआडून मी म्हणायचो, "सिस्टर, थ्री-झीरो व्हायक्रिल." (टाक्यांचा धागा.)

"कितें?"

पुन्हा सांगायचो. पुन्हा "कितें?" सरांचा आवाज रंगमंचावरचा, त्यांना एकदाच सांगावं लागे. स्पीकर हळू करा म्हणायची माझी टाप नव्हती. एकदा तिसऱ्या खेपेला टू-झीरो, म्हणजे जरा जाड धागा, हातात आला आणि मी मुकाट्याने तोच वापरला. रुग्णाचं काही बिघडलं नाही, पण रात्रभर तेच डोक्यात. पुढे २०१५ चा ब्रिटिश अभ्यास वाचला: २० शस्त्रक्रियांचं चित्रण, आणि संगीत चालू असताना तीच मागणी पुन्हा करावी लागण्याचं प्रमाण बरंच जास्त. म्हटलं, म्हणजे सिस्टरचा दोष नव्हता.

शिवाय ऑक्सिजन उतरताना पल्स ऑक्सिमीटरचा सूरही उतरतो, तो कान तयार व्हायच्या वर्षांत ऐकू यायला हवा असं आपलं मला वाटतं. कुणाला गाण्यानेच हात स्थिर होत असतील, तर मी वाद घालणार नाही.

आता माझ्या ओटीत स्पीकर आहे, बहुतेक वेळ बंद. त्वचेचे टाके उरले की रेसिडेंटला विचारतो, "काय लावू?" भूलतज्ज्ञांकडे एकदा बघून.