दिवाळी फंडाचं कार्ड आणि 13 किलोचा डबा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवाळी सरली की किराणा फंडाची कार्डं निघतात. महिन्याला 400 रुपये, असे 11 हप्ते, म्हणजे 4400 भरायचे. वसुबारसेच्या आधी तेलाचा डबा, साखर, हरभरा डाळ, मैदा, रवा, पोहे, शेंगदाणे, खोबरं असं सगळं घरपोच. कार्डावर बाजारभाव छापला होता 5500. अकराशे सुटतात म्हटल्यावर नको कोण म्हणेल?

पहिल्या वर्षी माल आला. संध्याकाळी टेम्पो लागला, पोरांनी डबे घरात नेऊन ठेवले, जाताना एक उटणं फुकट. कुणी काही मोजून घेतलं नाही, मीही नाही. डाळीत किडे निघाले, तेव्हा "एवढं चालायचंच" म्हणून उन्हात टाकली.

दुसऱ्या वर्षी तोच फंडवाला दारात. "वैनी, गेल्या दिवाळीला दिलं का न्हाई? मग? एका कार्डावर अकराशे सुटत्यात, तीन घ्या की." मी तीन घेतली. एक माझं, एक आईच्या नावाचं, एक नणंदेचं. तिला मीच भरीला घातलं होतं, ते आजही निघतंच. 13200 रुपये, सगळे रोख.

दसऱ्याला शेवटचा हप्ता नेला आणि त्यानंतर फोन बंद. त्याचा गाळा भाड्याचा होता, तोही रिकामा. वसुबारस आली तरी आम्ही आठ-दहा बायका गल्लीच्या तोंडाशी टेम्पोची वाट बघत होतो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, पैसे दिल्याचा पुरावा काय? कार्डावर पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही, हप्त्यांपुढे नुसत्या फराट्या. गल्लीतल्या दोघी मुली फोनवरून पैसे पाठवायच्या, आम्ही त्यांना हसायचो. त्यांच्याच नोंदींमुळे त्याचं बँक खातं तक्रारीत आलं. आमच्याबरोबर आलेल्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, की 2019 च्या अनियमित ठेव योजना बंदी कायद्यात पैशाऐवजी वस्तूरूपात परत देण्याचं वचनही धरलंय. त्यामुळे "तो कुठं पैसे परत देणार होता, माल देणार होता" असं कुणी म्हणालं तरी तक्रार सोडू नका. आमची अजून चालू आहे.

पण मला खरा चटका बसला तो नंतर. पहिल्या वर्षीचा रिकामा डबा मी जोंधळ्यांना वापरते. तो पुसताना लेबल वाचलं, निव्वळ वजन 13 किलो. मी दोन वर्षं तो 15 किलोचा धरून चालले होते! 15 लिटरचा डबासुद्धा 15 किलो भरत नाही, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. लिटरला साधारण 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरचे साडेतेरा किलोच्या थोडं वर. आमचा तर त्याहूनही कमी. कार्डावर लिहिलं होतं फक्त "तेल डबा 1".

मग तेच कार्ड घेऊन लक्ष्मीपुरीत गेले आणि धान्याच्या दुकानात एकेका जिनसाचा भाव विचारला. 13 किलोच्या डब्यासकट बेरीज झाली 4600 च्या आसपास. म्हणजे ज्या वर्षी माल मिळाला, त्या वर्षीही सुटले होते दोनशे रुपये, तेही किडक्या डाळीसकट आणि 11 महिने पैसे त्याच्याकडे ठेवून. अकराशेचा आकडा त्यानंच छापलेला. मी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालते आणि तो आकडा एकदाही पडताळून बघितला नाही.

यंदा तीन घरं मिळून आम्ही लक्ष्मीपुरीतूनच माल आणला. पोतं फोडून वाटून घेतलं, पक्कं बिल घेतलं. फार काही सुटलं नाही, रिक्षाभाडं वजा जाता साडेतीनशे.

परवा मागच्या गल्लीत एक नवीन माणूस कार्डं वाटत होता. विचारलं, "डबा कितीचा?"

"पंधराचा, वैनी."

"पंधरा किलो का लिटर?"

"डबा म्हंजे डबाच की ओ," म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला.