शुअर एसएम-५७ आणि भजनी मंडळ : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, मी छोटा स्टुडिओ चालवतो. येणारे बहुतेक काम भजनी मंडळांचे असते. अभंग, गवळणी, हरिपाठ आणि क्वचित एखादे नाट्यपद. गेल्या आषाढीच्या तोंडावर एका मंडळाचे दहा अभंग ध्वनिमुद्रित करायचे ठरले, तेव्हा मी शुअर एसएम-५७ या जातीचे दोन माइक घेतले आणि दिवाळीनंतर त्यांत आणखी दोघांची भर घातली. हे माइक मूळ खरेदीच्या यादीत नव्हते. यादीत होता एक मोठ्या पडद्याचा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा अधिक नाजूक माइक, पण तेवढे पैसे त्या वेळी हाताशी नव्हते. ‘तोवर चालवून घेऊ’ म्हणून आणलेल्या या माइकवर आता स्टुडिओचे तीन चतुर्थांश काम होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रथम खरेदीविषयी, कारण मी तिथेच ठेचकाळलो. पहिला माइक ऑनलाइन बाजारातील एका विक्रेत्याकडे बराच स्वस्त दिसला आणि मोहाने मागवला. खोके, पाऊच, क्लिप, सगळे अगदी हुबेहूब होते, पण आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावे तसा येत होता. अस्सल माइकचे वजन २८४ ग्रॅम असते, हे माहितीपत्रकात वाचले होते. स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवला तर आकडा २३०च्या पुढे जाईना. माइक परत गेला, पैसे यायला तीन आठवडे लागले. या माइकच्या नकला बाजारात सर्रास मिळतात, त्यामुळे अधिकृत वितरकाचे पक्के बिल घेतल्याशिवाय तो घेऊ नये, आणि घरी आल्यावर लाज न बाळगता काट्यावर ठेवावा.

हा माइक १९६५ सालचा. नावातील ‘एसएम’ म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, पण त्याचे आयुष्य स्टुडिओपेक्षा रंगमंचावर, गिटारच्या अँप्लिफायरसमोर आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावर अधिक गेले. त्याच्यानंतर वर्षभराने आलेला एसएम-५८, जो आपल्याकडे प्रत्येक मांडववाल्याकडे असतो, त्याच घराण्यातला आहे. दोघांच्या आतील रचनेचा पाया एक आहे आणि मुख्य फरक तोंडावरच्या जाळीचा आहे. ५७ला तो गोल जाळीचा चेंडू नाही, त्यामुळे तो वाद्याच्या अगदी जवळ नेता येतो. मात्र त्याच कारणाने गाताना ओठांतून सुटणारी हवा थेट पडद्यावर आदळते. ‘पांडुरंग’ आणि ‘पंढरी’ या शब्दांवाचून आपला अभंग पुढे सरकत नाही, आणि प्रत्येक ‘प’ला स्पीकरमधून धप्प असा आवाज येत असेल तर काय होते, हे मी पहिल्याच दिवशी ऐकले. फोमची टोपी आणि तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका धरलेला माइक, एवढ्यावर ते आटोक्यात येते.

माझ्या खोलीची अडचण अशी की खिडकी रस्त्याकडे आहे आणि समोर रिक्षाथांबा. मित्राचा उसना कंडेन्सर लावला की रिक्षावाल्यांच्या गप्पासुद्धा शब्दशः कळत. एसएम-५७ हा कार्डिऑइड माइक आहे, म्हणजे समोरचे सर्वाधिक, बाजूचे कमी आणि बरोबर पाठीमागचे सर्वात कमी ऐकतो. हे पुस्तकात सगळेच वाचतात. मी प्रत्यक्षात हे केले की आधी कोणता आवाज नको आहे ते ठरवायचे, माइकची पाठ तिकडे करायची आणि मग त्यापुढे वादकाला बसवायचे. खिडकी, पंखा, शेजारचा टाळकरी, जे टाळायचे ते पाठीमागे. बैठकीची सारी मांडणी त्यामुळे उलटी झाली. मंडळातील मंडळी सुरुवातीला गोंधळली, कारण भजनाला बसण्याची त्यांची एक पद्धत असते आणि बुवांच्या उजव्या हाताला कोण बसणार, याला मानपानही चिकटलेला असतो.

टाळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सुरुवातीला मी टाळांसाठी स्वतंत्र माइक लावला होता आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसल्यावर तो ट्रॅक पूर्ण बंद ठेवावा लागला. टाळ इतके प्रखर वाजतात की पखवाजाच्या, पेटीच्या आणि बुवांच्या माइकमध्ये ते न बोलावता येऊन बसतात. चारही माइकमध्ये थोडे थोडे आलेले टाळ एकत्र केले की पुरेसे होतात, किंबहुना जास्तच होतात. या माइकच्या प्रतिसादात ५ ते ६ हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा आहे. शब्द स्पष्ट होण्यासाठी तो उपयोगी पडतो, पण टाळ थेट समोर आले तर कानात सुई टोचल्यासारखे वाटते. म्हणून टाळकऱ्यांना मी सर्व माइकच्या मागच्या बाजूला, भिंतीवर टांगलेल्या दोन जुन्या गोधड्यांसमोर बसवतो. दहा टाळकरी या खोलीत मावत नाहीत. चार बसतात, आणि कोणते चार, हे बुवांनी ठरवायचे.

पखवाजावर मात्र या माइकने मला खरोखर चकित केले. डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते आणि त्या थापेचा घुमारा फार खालचा असतो. एसएम-५७ वाद्यापासून दूर ठेवला तर त्याचा प्रतिसाद सुमारे २०० हर्ट्झच्या खाली उतरत जातो, त्यामुळे पखवाजासाठी तो कामाचा नाही, असे कागदावर वाटते. पण दिशादर्शी माइक वाद्याच्या जवळ नेला की खर्ज वाढतो, हा त्याचा स्वभाव आहे, आणि कणकेपासून सात-आठ सेंटिमीटरवर आणल्यावर गेलेला खर्ज नेमका परत येतो. तोही खोलीच्या गडगडाटाशिवाय. माझ्या खोलीची रुंदी दहा फूट आणि उंची साडेनऊ, म्हणजे एका दिशेने ५६ आणि दुसऱ्या दिशेने ५९ हर्ट्झच्या आसपास हवा घुमते. हे दोन आकडे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे आहेत आणि त्या भागात खोली थापेपेक्षा स्वतःच जास्त वाजते. भिंतीला लावलेले ५० मिलिमीटरचे रॉकवूल (आवाज शोषणारी तंतूंची गादी) इतक्या खालच्या आवाजाला काहीच करत नाही. ते वरच्या सुरांचा खणखणाट शोषते, बस्स. त्यामुळे माइक जवळ नेणे, हाच माझ्याजवळचा उपाय होता.

उजव्या बाजूला, शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या लेपाच्या, कडेकडे रोखलेला, दुसरा माइक लावतो. दोन तोंडांवर दोन माइक लावले की एकाचा आवाज दुसऱ्यात उशिरा पोचतो. सुमारे ६८ सेंटिमीटर अंतराला ध्वनीला २ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या विलंबाने दोन्ही ट्रॅक मिसळले की २५० हर्ट्झच्या आसपासचा भाग पोकळ होऊ शकतो. पहिल्या दोन अभंगांत पखवाज असा पोकळ वाजत होता आणि मी चार दिवस इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करणारे साधन) फिरवत बसलो. शेवटी एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटी केली आणि पखवाज अंगाने भरला. आता वाद्य मांडल्यावर हे बटण दाबून दोन्ही तऱ्हेने ऐकल्याशिवाय मी टेक सुरू करत नाही.

एक गोष्ट माइकच्या हातातली नाही. पंखा बंद केलेल्या बंद खोलीत तासाभरात कणीक सुकू लागते, थाप हलकी होते आणि सूर वर सरकतो. सहाव्या टेकमधील (सहाव्यांदा केलेल्या ध्वनिमुद्रणातील) तुकडा दुसऱ्या टेकमध्ये जोडायला गेलो, तर तो दुसऱ्याच पखवाजाचा वाटला. तेव्हापासून दर तीन अभंगांनंतर कणीक नव्याने लावायची आणि प्रत्येक टेकच्या आधी चार मोकळ्या थापा रेकॉर्ड करून मागच्या थापांशी ताडून पाहायच्या, असा नियम केला आहे. पखवाजी काका आधी वैतागले, आता स्वतःच आठवण करतात.

पेटीसाठी माइक वरून, भात्याच्या विरुद्ध कडेला, दीड फुटावर ठेवतो. जवळ गेल्यास पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास दोन्ही येतात. पेटीच्या आवाजात हा माइक काही भर घालत नाही, काही बिघडवतही नाही.

बुवांच्या आवाजाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. बुवा डोळे मिटून, डोलत गातात, आणि दहा सेंटिमीटर पुढे-मागे झाले की जवळिकीमुळे आवाजाचा खर्ज कधी फुगतो, कधी ओसरतो. “बुवा, जरा स्थिर बसा” असे दोनदा सांगून पाहिले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “दादा, ते तुमचं यंत्र तोंडासमोर नको. मला विठोबा दिसला पाहिजे.” मग मी माइक बाजूने आणि हनुवटीच्या थोडा खाली, वीतभर अंतरावर आणला आणि समोरच्या भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत, विठोबाची तसबीर टांगली. डोळे उघडले की नजर तसबिरीवर जाते आणि मान आपोआप जागेवर राहते. आवाजाची चढउतार सारखी करणारे कॉम्प्रेसर नावाचे साधन असते, त्या तसबिरीने माझे त्याचे निम्मे काम वाचवले.

उणीव स्पष्ट सांगायची तर हा माइक फार कमी विद्युत्दाब देतो, प्रति पास्कल सुमारे १.६ मिलिव्होल्ट. चांगला कंडेन्सर याच्या दहा-बारा पट देतो, म्हणजे २० डेसिबलहून अधिक फरक. बुवा आणि पखवाज यांना त्याची पर्वा नाही, पण तंबोऱ्यासमोर इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण, शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि जवारीच्या झणकाराबरोबर त्या पेटीतील प्रीअँपचा (आवाज वाढवणाऱ्या भागाचा) सुरसुराटही वर येतो. शिवाय तंबोऱ्याचे सौंदर्य ज्या वरच्या स्वरांशांत आहे, तिथपर्यंत १५ हजार हर्ट्झला थांबणारा हा माइक पुरता पोचत नाही. मिरजेसारखे तंबोऱ्याचे गाव हाकेच्या अंतरावर असताना हे खटकते. गेन इतका वाढवल्यावर घरातील वायरिंगची गुणगुणही ऐकू आली. तिचे कारण लॅपटॉपचा चार्जर आणि आमच्या जुन्या इमारतीचे नसल्यासारखे अर्थिंग हे होते. लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर ती थांबली.

टिकाऊपणाबद्दल लिहावे असे फार नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत मित्राचा कंडेन्सर आणला की मी सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, हे माइक मात्र उघड्या फळीवर होते. इंटरफेसवर कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट चुकून चालू राहिले तरी केबल धड असल्यास काही होत नाही. एक माइक पखवाजी काकांच्या गुडघ्याचा धक्का लागून स्टँडसकट फरशीवर आपटला. जाळीला पोचा आला आणि फरशीचा टवका उडाला. तोच माइक आजही कणकेच्या बाजूला असतो.

तंबोऱ्यासाठी मी अजून मित्राचाच कंडेन्सर आणतो आणि रात्री अकरानंतर, शेवटची रिक्षा गेल्यावर, तो एकट्याचा ट्रॅक घेतो.