प्लेसमेंट कन्सल्टंटची सेवा: ८.३३ टक्क्यांत नक्की काय येतं?

पुण्यात तीस-चाळीस माणसांची कंपनी चालवणाऱ्याला ८.३३ हा आकडा पाठ असतो. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार, ही माणूस मिळवून देण्याची रूढ फी. सहा लाखांच्या जागेला ४९,९८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८,९९६, मिळून ५८,९७६. माणूस रुजू झाला तरच पैसे, नाही तर शून्य. कोथरूडच्या फ्लॅटमधून एकटीने काम करणाऱ्या मॅडम असोत की बाणेरला काचेच्या ऑफिसात हेडफोन लावून बसलेली वीस पोरांची टीम, व्यवहार हाच. त्यामुळे इथे कुणा एकाचं नाव न घेता या सेवेचंच माप काढलं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सीव्ही मिळवण्यासाठी ही सेवा महाग आहे. ऑफर दिल्यापासून माणूस प्रत्यक्ष दारात उभा राहीपर्यंतचे दोन-तीन महिने सांभाळण्यासाठी मात्र स्वस्त आहे. पंचाईत ही, की बहुतेक कन्सल्टंट पहिलं काम जोरात विकतात आणि दुसरं अंगावर घेत नाहीत.

सीव्ही येतात कुठून? 'आमचा स्वतःचा डेटाबेस आहे' हे वाक्य प्रत्येक जण ऐकवतो. खरं तर बहुतेकांचा डेटाबेस म्हणजे नोकरी डॉट कॉमचं सबस्क्रिप्शन, लिंक्डइन आणि जुन्या एक्सेल फायली. १९९७ पासून चालू असलेलं ते पोर्टल पैसे भरून तुम्हालाही उघडता येतं, आणि तिथे रोज सकाळी प्रोफाइलमध्ये एखादा शब्द बदलून वर येणारे उमेदवार कन्सल्टंटला दिसतात तेच तुम्हालाही दिसतील. कन्सल्टंटकडे जास्तीचं असतं ते फोन करणारं माणूस. कामाच्या वेळात उमेदवार फोन उचलत नाही. तो सापडतो दुपारी जेवणाच्या सुट्टीत, नाही तर संध्याकाळी सातनंतर बसमध्ये. हे फोन तुमच्या ऑफिसात कुणी करणार नसेल, तर फीमधला काही भाग तिथेच वसूल झाला असं समजा.

कन्सल्टंट चांगला की नुसता पोस्टमन, हे त्याच्या ट्रॅकरवरून कळतं. ट्रॅकर म्हणजे सीव्हींसोबत येणारी एक्सेल शीट. नाव, एकूण अनुभव, कामाशी संबंधित अनुभव, करंट सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा त्याचा एकूण खर्च), एक्स्पेक्टेड म्हणजे अपेक्षित पगार, नोटीस (राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं), लोकेशन, नोकरी सोडण्याचं कारण. पोस्टमनच्या शीटमध्ये एक्स्पेक्टेडखाली 'अ‍ॅज पर कंपनी नॉर्म्स', नोटीसखाली '३० डेज निगोशिएबल', लोकेशनखाली 'पुणे' आणि कारणाखाली 'बेटर ग्रोथ' असतं. ही रांग फोन न करताच भरलेली आहे. कामाच्या माणसाची रांग अशी दिसते: 'करंट ४.८ लाख, त्यात ४० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग), गेल्या वर्षी निम्मंच मिळालं. हातात दुसरी ऑफर नाही, पण एक इंटरव्ह्यू बाकी आहे. नोटीस लेटरवर ९० दिवस, मॅनेजर ६० ला सोडतो असं म्हणतो, लेखी नाही. राहायला वाघोली, दुचाकी.' ही रांग भरायला वीस मिनिटांचा फोन लागतो, आणि तुम्ही पैसे द्यायचे ते त्या वीस मिनिटांचे. पहिल्याच ट्रॅकरमध्ये 'निगोशिएबल' हा शब्द तीन ओळींत आला, तर शीट परत पाठवा आणि प्रत्येकापुढे आकडा मागा.

आकड्यांचा घोळ पुढे ऑफरच्या दिवशी फुटतो. उमेदवार 'सहा लाख' ऐकतो आणि मनात महिन्याला ५० हजार धरतो. तुमच्या शीटमध्ये सहा लाखांत १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे ६० हजार बाजूला. बेसिक तीन लाख धरली, तर मालकाचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर महिना १,८०० प्रमाणे वर्षाला २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे १४,४३०. उरले ५,०३,९७०, महिन्याला जेमतेम ४२ हजार. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ४० हजार. ५० आणि ४० मधली ही दहा हजारांची दरी कन्सल्टंटने पहिल्या फोनवर सांगायची असते. तो सांगत नाही, कारण सांगितलं तर इंटरव्ह्यूला येणारे कमी होतात. उपाय सोपा आहे: जेडीसोबतच (जेडी म्हणजे कामाचं लेखी वर्णन) पगाराचा नमुना तक्ता त्याला द्या आणि 'उमेदवाराला इनहँड आकडा सांगितला' असा ट्रॅकरमध्ये एक रकाना वाढवा. कुणी न सांगताच 'हो' लिहून ढकललं, तर इंटरव्ह्यूच्या पहिल्या पाच मिनिटांत उघड होतं.

फी कशावर लावायची, हेही याच तक्त्यावर ठरवा. करारात नुसतं 'सीटीसी' असेल, तर मिळेल-न-मिळेल अशा व्हेरिएबलवरही तुम्ही फी भरता. 'फिक्स्ड सीटीसी' लिहिलं, की वरच्या उदाहरणात फी ४९,९८० वरून ४४,९८२ वर येते. मागितलं तर बहुतेक जण देतात. न मागता कुणी देत नाही.

आता खरी परीक्षा, नोटीस पिरियड. हिंजवडी-खराडीच्या आयटीत ९० दिवस सर्रास, कारखान्यांच्या ऑफिसांत ३० ते ६०. ऑफर स्वीकारून बसलेला उमेदवार या काळात दुसरीकडे इंटरव्ह्यू देत असतो, तुमचीच ऑफर दाखवून. बाजार तसा आहे, चिडून काही होत नाही. माणूस निसटण्याचे तीन ठरलेले क्षण असतात. पहिला, राजीनामा टाकल्याच्या दोन-तीन दिवसांत, मॅनेजर 'थांब, बघतो काहीतरी' म्हणतो तेव्हा. दुसरा, जुन्या कंपनीत इन्क्रिमेंटची पत्रं वाटली जातात तेव्हा. तिसरा शेवटच्या पंधरवड्यात, कारण आता तो 'लगेच रुजू होऊ शकणारा' झालेला असतो आणि पोर्टलवर त्याच्यावर उड्या पडतात. कारखान्यांच्या पट्ट्यात चौथीही एक गोष्ट आहे: दिवाळीचा बोनस खात्यात पडेपर्यंत कुणी राजीनामा टाकत नाही. सप्टेंबरमध्ये दिलेल्या ऑफरची रुजू तारीख त्या हिशेबानेच धरा.

चांगला कन्सल्टंट इथे पैसे वसूल करून देतो. ऑफर स्वीकारल्यावर ४८ तासांत राजीनाम्याच्या मेलची प्रत, आठवडाभरात तो मंजूर झाल्याचा मेल आणि त्यात शेवटच्या दिवसाची तारीख. पुढे आठवड्याला एक फोन, आणि फोनवरचे प्रश्नही ठरलेले: नॉलेज ट्रान्सफर (हातातलं काम समजावून सोपवणं) कुणाला देताय, लॅपटॉप कधी जमा करायचाय, घरी सांगितलं का. 'नॉलेज ट्रान्सफर'ला गोलमोल उत्तर आलं, तर राजीनामा टाकलेला नाही किंवा मागे घेतलेला आहे, असं धरून चाला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला गरम ठेवा. वाईट कन्सल्टंट रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज टाकतो, 'सर, कॅन्डिडेट नॉट पिकिंग कॉल.' तेव्हा त्याची फी बुडते हे खरं, पण तुमचे ९० दिवस बुडालेले असतात.

लवकर सोडवून घ्यायला बायआउटचा, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे जुन्या कंपनीला भरण्याचा, मार्ग आहे. त्याआधी उमेदवाराच्या जुन्या नेमणूकपत्राचं ते पान मागवा. वसुली बेसिकवर आहे की ग्रॉसवर, यावर रक्कम दुप्पटही होऊ शकते. आणि बायआउट ही कंपनीची मर्जी आहे की उमेदवाराचा हक्क, हे त्याच पानावर लिहिलेलं असतं.

रिप्लेसमेंटच्या कलमाबद्दल थोडं सावकाश, कारण विक्रीत सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी मिळणारा भाग तो आहे. '९० दिवस फ्री रिप्लेसमेंट' याचा अर्थ पैसे परत असा नाही; दुसरा माणूस देऊ, एवढाच. कधीपर्यंत देऊ, ते बहुधा लिहिलेलं नसतं. माणूस स्वतः सोडून गेला तरच लागू, तुम्ही काढला तर नाही, अशीही ओळ असते. आणि खाली बारीक अक्षरात: बिल ३० दिवसांत भरलं नसेल तर रिप्लेसमेंट रद्द. दर महिन्याच्या २५ तारखेलाच बिलं चुकती करणाऱ्या अकाउंट्सवाल्यांकडून एक २५ तारीख हुकली, की हे कलम परस्पर मरतं आणि एचआरला पत्ताही नसतो. सही करण्याआधी तीन बदल मागा. निम्मी फी ३० दिवसांनी, निम्मी ९० पूर्ण झाल्यावर. ३० दिवसांत दुसरा माणूस न दिल्यास क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या नावे जमा. आणि कामात न बसल्यामुळे काढलेला माणूसही धरायचा. पहिल्या बदलाला खळखळ होते. जागा दोन-तीन असतील तर मान्य होतं.

आणखी दोन ओळी करारात हव्यातच. एकच उमेदवार दोन कन्सल्टंटकडून आला, तर ज्याचा मेल आधी त्याचा हक्क, आणि तो सहा महिनेच. ही ओळ नसेल तर एकाच माणसावर दोन बिलं येतात आणि भांडण तुमच्या टेबलावर लागतं. दुसरी, कन्सल्टंटने स्वतःच लावून दिलेल्या माणसाला किमान १२ महिने दुसरीकडे हलवायचं नाही. ही सुचवायला संकोच वाटतो, पण लिहून घ्या.

फीमध्ये काय येत नाही? पडताळणी. सीव्हीवर एजन्सीचा लोगो असला तरी त्यातल्या मजकुराची हमी कुणी घेत नाही. पगाराच्या स्लिपची पीडीएफ घरबसल्या बदलता येते. म्हणून शेवटच्या तीन स्लिपा आणि त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून आकडे जुळवा. पीएफची सर्व्हिस हिस्टरी उमेदवाराने स्वतः लॉगिन करून दाखवली, की रुजू झाल्या-सोडल्याच्या तारखा स्पष्ट होतात. आणि कन्सल्टंट उमेदवाराकडून 'रजिस्ट्रेशन'चे पैसे घेतो असं कळलं, तर त्याच दिवशी संबंध तोडा.

पुण्यापुरत्या दोन गोष्टी. भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथला क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणारा) इंजिनिअर किंवा पर्चेसचा माणूस हवा असेल आणि तुम्ही इंटरव्ह्यू शनिवारी ठेवला, तर तो आजारी पडून येणार किंवा येणारच नाही. गुरुवारी ठेवा, सगळे येतात. दुसरं म्हणजे अंतर. हडपसरचा माणूस हिंजवडी फेज तीनला 'हो येतो' म्हणतो आणि तिसऱ्या महिन्यात सोडतो. चाकणला किंवा ५० किलोमीटरवरच्या रांजणगावला कंपनीची बस कुठून सुटते आणि किती वाजता, हे जेडीच्या पहिल्या ओळीत असू द्या. घरापासून बसचा थांबा किती लांब, हा प्रश्न कन्सल्टंटने विचारलाच पाहिजे. तो न विचारणाऱ्यांचा रिप्लेसमेंटचा धंदा कायम तेजीत असतो.

थोडा दोष गिऱ्हाइकाच्याही पदरात घालायला हवा. कन्सल्टंटकडे एका वेळी दहा-पंधरा कंपन्यांच्या जागा असतात आणि तो वेळ कुणाला देतो? जो दोन दिवसांत फीडबॅक देतो त्याला. 'होल्डवर आहे' हे उत्तर दोनदा दिलं, की तुमची जागा त्याच्या यादीत तळाला जाते. चार फेऱ्या, प्रत्येकीला तीन जणांचं पॅनेल आणि त्या तिघांची मोकळी वेळ जुळवायला आठ मेल, असा कारभार असेल तर कितीही फी द्या, चांगला माणूस दुसऱ्या फेरीनंतर कुठेतरी रुजू झालेला असेल. दोन फेऱ्या, दोन्ही एकाच दिवशी, आणि संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही. सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली माणूस हवा त्या साहेबांची आणि कन्सल्टंटची समोरासमोर अर्ध्या तासाची एकच बैठक घ्या. जेडी तिथे वाचू नका, कारण ती बहुधा दुसऱ्या कंपनीची उतरवलेली असते. आधीचा माणूस का गेला आणि कुठल्या तीन कंपन्यांतली माणसं चालतील, एवढंच सांगा.

कुणाला घ्यावी ही सेवा? फ्रेशर, टेलिकॉलर, डेटा एंट्री यांना मुळीच नाही. तिथे पोर्टलवरची जाहिरात आणि आपल्याच लोकांना ओळखीबद्दल दिलेले पाच-दहा हजार पुरतात. तीन ते दहा वर्षं अनुभवाच्या, नोटीस लांब असलेल्या जागांना घ्यावी. तिथेही मोठ्या एजन्सीपेक्षा तुमच्या धंद्यातली नावं तोंडपाठ असलेली एकटी मॅडम बरी, कारण मोठीकडे तुमची जागा तीन महिन्यांत तिसऱ्या पोराकडे गेलेली असते.

बिल आल्यावर: टीडीएस मूळ फीवर कापायचा, जीएसटीवर नाही. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक असेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा नियम लागतो, पैसे चुकते करायला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५. फीचे दोन हप्ते ठरवले असतील तर बिलंही दोन मागा, म्हणजे दुसऱ्याची तारीख नव्वदाव्या दिवसानंतरची पडेल.