दर्जाच्या कारणावरून फोटो परत येतात तेव्हा: शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक की अलामी?

हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांचे फोटो साठले आहेत आणि ते स्टॉक म्हणून, म्हणजे कुणालाही पैसे देऊन वापरता येतील अशा तयार फोटोंच्या साठ्यात, विकायला नेमके कुठे पाठवावेत, असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांनी मानधनाच्या टक्केवारीआधी एक गोष्ट पाहावी असे मला मनापासून वाटते: फोटो नाकारताना ती संस्था आपल्याला काय सांगते? शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक आणि अलामी या असे फोटो ऑनलाइन विकणाऱ्या तिन्ही ठिकाणी दर्जाची तपासणी होते. मात्र नकार कळवण्याची रीत आणि त्या नकाराची किंमत तिन्हीकडे वेगळी आहे.

आकाराच्या अटीवर फारसे अडत नाही. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक किमान 4 मेगापिक्सेल मागतात. अलामीची अट 17 एमबीची आहे, आणि ती वाचून अनेक जण उगाच धास्तावतात, कारण त्यांची जेपीईजी फाइल पाच-सहा एमबीचीच असते. हे 17 एमबी म्हणजे फाइल उघडल्यावर, कॉम्प्रेशन नसताना भरणारा आकार. सुमारे 6 मेगापिक्सेलचा फोटो तेवढा भरतो आणि 12 मेगापिक्सेलचा साधारण 34 एमबीपर्यंत जातो. फार कापलेला फोटोच या अटीत अडकतो.

खरी अडचण शंभर टक्के झूमवर दिसते. मी एका गणेशोत्सवात केळीच्या पानावरच्या उकडीच्या मोदकांचा फोटो काढला होता. स्वयंपाकघरात एकच पिवळा दिवा होता, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 3200 ठेवावा लागला. मोबाइलवर तो फोटो देखणा दिसत होता, म्हणून मी तो एका संस्थेकडे पाठवला आणि तो परत आला. मग मोठ्या पडद्यावर शंभर टक्के करून पाहिले, तेव्हा फोकस पुढच्या मोदकाच्या कळ्यांवर नसून पानाच्या कडेवर बसलेला होता. तांदळाच्या पिठीचा पांढरा रंग जुन्या कागदासारखा पिवळट झाला होता. आणि सावलीतला नॉइज (दाणेदारपणा) काढण्यासाठी मी सॉफ्टवेअरची पट्टी इतकी ओढली होती की पानाच्या शिरा पुसल्या जाऊन पान प्लॅस्टिकचे वाटत होते.

असा फोटो शटरस्टॉककडे गेला, तर तिथे कारण नावानिशी सांगण्याची पद्धत आहे: फोकस, नॉइज, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) असे वेगवेगळे शेरे येतात. फक्त हे लक्षात ठेवावे की तिथल्या ‘फोकस’ या एका शब्दात हात हलणे आणि विषय हलणे यांच्याबरोबर नॉइज काढण्याचा अतिरेकही धरलेला असतो. म्हणजे माझे प्लॅस्टिकचे पान तिथे फोकसच्या खाती जमा झाले असते. अ‍ॅडोबी स्टॉककडे फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), नॉइज, अति संस्करण ही सारी कारणे ‘दर्जाविषयक त्रुटी’ अशा एकाच मथळ्याखाली येतात, आणि आपल्या फोटोत यातले नेमके काय बिघडले हे आपल्यालाच शोधावे लागते. डोळा तयार असलेल्याला ते जड जात नाही, नवख्याला मात्र ते अंधारात चाचपडण्यासारखे होते.

अलामीचा हिशोबच निराळा आहे. विषय आकर्षक आहे का, असे फोटो आधीच भरपूर आहेत का, याकडे तिथले परीक्षक बघत नाहीत. ते तांत्रिक दर्जा तपासतात. म्हणून वारीतल्या एखाद्या दिंडीचे, आठवडी बाजाराचे किंवा एसटी स्थानकाचे सरळ नोंदवजा फोटो तिथे ठेवता येतात. पण एकत्र पाठवलेल्या गठ्ठ्यातला एक जरी फोटो तपासणीत नापास झाला, तरी सगळा गठ्ठा परत येतो. चाळीस चांगल्या फोटोंत एक किंचित अस्पष्ट फोटो घुसला की चाळीसही अडकतात.

कुठेही पाठवायचे असले, तरी नाकारलेला फोटो दुरुस्त करायचा की पुन्हा काढायचा, हे आधी ठरवावे. आभाळातला सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका, फांद्यांच्या कडेची जांभळी किनार आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, संस्कार न झालेली मूळ फाइल) असेल तर व्हाइट बॅलन्स, हे सगळे सुधारता येते. चुकलेला फोकस मात्र कोणत्याही शार्पनिंगने परत येत नाही, उलट कडांभोवती पांढरी रेघ उमटते आणि नकाराला आणखी एक कारण मिळते. मी तो मोदकांचा फोटो दुरुस्त करण्यात दोन संध्याकाळी घालवल्या, त्या वाया गेल्या. पुढच्या संकष्टीला तेच ताट सकाळी खिडकीशी ठेवून, ट्रायपॉडवर, आयएसओ 200 ला पुन्हा टिपले, तेव्हा कळ्यांची प्रत्येक घडी वेगळी दिसली.

फोटो फक्त आपल्याकडेच द्यावा अशी सक्ती तिन्ही संस्था करत नाहीत, त्यामुळे प्रश्न सुरुवात कुठून करावी एवढाच आहे. नवख्याने शटरस्टॉकपासून करावी, कारण तिथला शेरा शिकवतो. रॉमध्ये काढून प्रत्येक फोटो शंभर टक्क्यांवर तपासण्याची सवय असलेल्याने अ‍ॅडोबी स्टॉककडे थेट जायला हरकत नाही. तिथे फोटोच्या विक्रीवर 33 टक्के हा ठरलेला वाटा मिळतो, तर शटरस्टॉककडे आपला वाटा 15 टक्क्यांपासून सुरू होतो आणि दर 1 जानेवारीला पुन्हा तळाशी येतो. प्रवासाचा आणि लोकजीवनाचा मोठा संग्रह असलेल्याने अलामी निवडावी, पण गठ्ठे लहान ठेवावेत आणि ज्या फोटोबद्दल मनात किंचितही शंका आहे तो त्यात घालू नये.