फ्रायर घ्यावा की लोखंडी कढईच बरी?

वहिनी, विजेचा फ्रायर, म्हणजे तेलात तळायचं यंत्र, घ्यायच्या आधी गावचं व्होल्टेज पाहा. तो 2000 वॅटच्या आसपास ओढतो. संध्याकाळी बल्ब मिणमिणतो तिथं तेल तापणार कधी? शिवाय तेल 2-3 लिटर लागतं. गोल बुडाच्या कढईत अर्ध्या लिटरवर पुऱ्या फुगतात.

सांबारवड्या (कोथिंबिरीचं सारण भरलेल्या), फिंगर चिप्स फ्रायरमध्ये झकास होतात, कारण तो तेलाची आच 180 अंशांच्या आसपास धरून ठेवतो. भजे मात्र नकोच. ओलं बेसन जाळीला असं चिकटतं की काडीनं कोरत बसा! घासायला कढई सोपी. फ्रायरचा विजेचा भाग पाण्यात बुडवता येत नाही.

वीज भरवशाची अन् पोरांना सारख्या चिप्स लागत असतील तर फ्रायर घ्या. सणावारालाच तळण असेल तर कढई अन् झारा पुरे.