पाण्याकाठच्या पक्ष्यांचे 'नॅचरल' फोटो: हाइड बुक करण्याआधी हे वाचा

पाण्याकाठी शेवाळलेल्या फांदीवर बसलेला पक्षी, मागे मऊ हिरवं बॅकग्राउंड, खाली पाण्यात प्रतिबिंब. असे फोटो मिळतील, हाइड (पक्ष्यांना न दिसता आत लपून फोटो काढायची जागा) आणि सेटअप तयार आहे, तुम्ही फक्त कॅमेरा आणा, अशा जाहिराती हल्ली खूप दिसतात. त्यातल्याच एकाकडे मी बुकिंग केलं, पूर्ण पैसे आधीच भरायला लावले, आणि तिथे जे निघालं ते इतकं वाईट होतं की सगळं सविस्तर लिहितेय. पैसे गेले त्याचा राग आहेच पण त्या पक्ष्यांचा जास्त त्रास होतोय.

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, "मुक्त जंगली पक्षी, नॅचरल पर्च, फोटोची गॅरंटी". पर्च म्हणजे पक्षी बसतो ती फांदी. फोनवर मी विचारलं होतं की पक्षी बाहेरून स्वतःहून येतात ना, तर हो मॅडम, रोजचे ठरलेले आहेत, पाण्याला येतात, असं उत्तर मिळालं. तेच मेसेज करूनही पाठवायला सांगितलं, त्याने पाठवलं. तो मेसेज आता कामाला येतोय.

सेटअप बघून कुणालाही विश्वास बसेल असाच होता, हे मुद्दाम सांगते. उथळ ट्रे, कडेला दगड आणि शेवाळ लावून झाकलेला, पाणी काळं दिसावं म्हणून तळाला काळं प्लास्टिक, वर फांदी क्लॅम्पने धरलेली आणि क्लॅम्प फ्रेमच्या बाहेर. बॅकग्राउंडची झाडी फांदीपासून बरीच लांब, त्यामुळे टेली लेन्सवर (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सवर) सगळं विरघळून जातं. हाइडची खिडकी पाण्याच्या पातळीला. यात फसवणूक काही नाही, फांदी आपण लावली तरी त्यावर बसायचं की नाही ते पक्षी ठरवतो, आणि म्हणूनच त्या फोटोला किंमत असते.

पाण्याजवळ फांदी का लावतात ते आधी बघा, म्हणजे पुढचं कळेल. छोटा पक्षी थेट पाण्यात उतरत नाही. आधी जवळच्या झुडपात येतो, तिथून इकडे तिकडे बघतो, मग पाण्यावरच्या फांदीवर, परत बघतो, मग खाली. आंघोळ झाली की पुन्हा फांदीवर येऊन पिसं झटकतो, चोचीने नीट लावत बसतो. आपल्याला फोटो मिळतो तो या दोन थांब्यांमुळे. चिमण्या असतील तर बहुतेक वेळा घोळक्याने येतात, भांडतात, एकमेकींना ढकलतात.

इथे तसं काहीच नव्हतं. एका वेळी एकच पक्षी, दरवेळी एकाच बाजूने, जमिनीलगत ठेवलेल्या लाकडी फळीमागून. फांदीवर आला की तिथेच. मान वळवून बघणं नाही, पाणी पिणं नाही, पिसं फुगवलेली, चोच उघडी. उन्हात पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतात हे खरं, पण तिथे गार सावली होती. एक बुलबुल उडायला गेला तर फडफडत खाली पडला आणि थोड्या वेळाने तोच परत फांदीवर! मध्ये फळीमागे माणसाचा हात दिसला. मी बाहेर यायला लागले तर लगेच ओरडा, बाहेर येऊ नका, पक्षी घाबरतील. आंघोळीचे फोटो म्हणून जे मिळाले त्यात पक्ष्याची पाठ आणि डोकं भिजलेलं आणि पोट कोरडं. स्वतः पाण्यात उतरलेल्या पक्ष्याचं पोट कोरडं राहील कसं? वरून स्प्रे मारला होता.

घरी येऊन रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या फाइल्स) शंभर टक्के झूम करून बघितल्या आणि पोटात गोळा आला. एका पंखाच्या टोकाची मोठी पिसं सरळ रेषेत कापलेली. शेपटीची टोकं झिजून दोरे सुटल्यासारखी, पिंजऱ्याच्या गजांना घासून होतात तशी. चोचीच्या वर कपाळावरची पिसं गेलेली, खाली कातडी दिसतेय, गजांमधून बाहेर पडायला डोकं घासत राहिला की असं होतं. नखं वाढलेली. आणि एका फ्रेममध्ये पायाला बारीक दोरा, शेवाळाच्या रंगाचा, फांदीला गुंडाळलेला. छोट्या स्क्रीनवर तो गवताचा धागा वाटतो, म्हणून तिथल्या तिथे कळत नाही.

मी फोटो पाठवून विचारलं तर उत्तर आलं की मोल्टिंगचा सीझन आहे, पिसं झडतात. हे उत्तर इतरांनाही देईल म्हणून नीट सांगते. छोट्या पक्ष्यांची उडायची पिसं झडतात ती थोडी थोडी, आणि साधारण दोन्ही पंखांत एकसारखी, म्हणजे डावीकडे जिथे फट तिथेच उजवीकडेही. नवं येणारं पीस आखूड असतं पण त्याचं टोक नैसर्गिक आकाराचं असतं. एकाच पंखात, सलग, कात्रीने कापल्यासारखी सरळ कड मोल्टिंगमध्ये येत नाही. आणि दोरा तर मोल्टिंगमध्ये उगवत नाही ना. यावर त्याचं एकच, फोटो मिळाले ना तुम्हाला, मग रिफंड कसला. नंतर ब्लॉक.

मग मी त्याचेच जाहिरातीतले फोटो काढून बसले. शेपटीचं एक पीस एकाच जागी मोडलेला तोच बुलबुल तीन वेगळ्या फांद्यांवर, तीन वेगळ्या ऋतूंच्या नावाने. तिन्ही फोटोंत पायाजवळची जागा ब्लर केलेली. बुकिंगच्या आधी हे कुणालाही तपासता येईल. सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि पाय, नखं, शेपटी, कपाळ बघा. डोळा शार्प आहे का एवढंच बघायची आपल्याला सवय असते आणि हे लोक त्यावरच जगतात.

एडिट न केलेला सलग व्हिडिओ मागा, ज्यात पक्षी येताना आणि जाताना दोन्ही दिसतं. येतानाचे फोटो सगळे दाखवतात, उडून जातानाचा कुणी दाखवत नसेल तर सोडून द्या. खाणं काय ठेवता, प्लेबॅक (पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग) लावता का, हेही विचारा, कारण विणीच्या काळात सतत आवाज वाजवला तर पक्षी घरटं सोडून भांडायला येत राहतो. आणि तारखेसकट फोटोची गॅरंटी देणाऱ्याकडे तर जाऊच नका. मुक्त पक्ष्याची गॅरंटी कोण देणार?

हे फोटो स्पर्धेलाही चालत नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत 2009 चा मुख्य विजेता, लांडग्याचा फोटो, लांडगा पाळलेला असावा असं परीक्षकांचं मत झाल्यावर 2010 मध्ये बाद केला होता. 2017 च्या एका विजेत्या फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं आणि 2018 मध्ये तोही बाद. म्हणजे विकत घेतलेला फोटो तुमच्या नावावर, आणि उद्या उत्तरही तुम्हीच द्यायचं.

खरं तर यातलं काहीच लागत नाही. उथळ भांडं, कडेला दोन तीन सेंटीमीटर पाणी, वरून थेंब थेंब पडेल अशी सोय, कारण हलणारं पाणी पक्ष्यांना लवकर दिसतं आणि ऐकू येतं. लपायला झुडूप दोनेक मीटरवर, मांजर दबा धरून बसेल इतकं चिकटून नको. फांदी पाण्याच्या जरा वर, तिरकी, पक्ष्याच्या पायाच्या पकडीत बसेल इतकी बारीक. पाणी रोज बदला, भांडं घासा, नाहीतर त्यातूनच रोग पसरतात. पाणी उडतानाचे थेंब गोठवायला सेकंदाचा एक हजारांश किंवा त्याहून वेगवान शटर. पक्षी यायला वेळ लागतो, कधी खूप लागतो, पण येतो तो स्वतःच्या पंखांनी.

माझी बँकेत पेमेंटची तक्रार चालू आहे आणि वन्यजीव विभागाकडे वेगळी तक्रार दिलीय, जंगली पक्षी पकडून डांबून ठेवणं अनेक देशांत गुन्हाच आहे. ज्यांनी अशा ठिकाणी फोटो काढले असतील त्यांनी प्लीज रॉ फाइल्स डिलीट करू नका, लाज वाटली तरी ठेवा, त्यात तारीख वेळ असते, आणि तक्रार घेताना मला सगळ्यात आधी तेच विचारलं.